तिसरी ओळ

सोमवार, ३

ही वही सूनबाईने दिली. देताना म्हणाली, "बाबा, दिवसभर पुटपुटत असता, त्यापेक्षा यात लिहा. घरात जरा शांतता राहील." सासऱ्याशी बोलायची ही तऱ्हा. वही तिच्या अंगावर फेकणार होतो. प्रत्यक्षात "बरं" म्हणालो आणि घेतली.

लिहिण्यासारखं काय आहे? सकाळी बीपीची गोळी घेतली की नाही ते आठवेना, म्हणून पाकीट मोजलं. घेतली होती. मग ऑफिस.

आमचं ऑफिस लिफ्ट तपासतं. नीट असेल तर दाखला, नसेल तर बंद करायचा हुकूम. एकतीस वर्षं मी तिथे आवक-जावक सांभाळली. शिक्षण सातवी, पण माझ्या हातून एक पाकीट इकडचं तिकडे झालं नाही. मग कागदी पत्रं संपली, मेल आले आणि मी निवृत्त झालो. दोन वर्षांनी परत बोलावलं ते एका गारठ्याच्या खोलीत बसवायला. त्या खोलीत कपाटाएवढं यंत्र आहे, त्याला सर्व्हर म्हणतात. ऑफिसचे सगळे मेल त्यातून जातात-येतात. सून तिथेच तपासनीस आहे. तिने कधी सांगितलं नाही, पण साहेबांना अनुभवी माणूस हवा असणार, म्हणून मला बोलावलं. एवढ्या गारठ्यात बसायला दुसरा कोण मिळणार?

यंत्र प्रत्येक मेलची नोंद ठेवतं. कुणी पाठवला, कुणाला, किती वाजता, पोचला की नाही, पेटीतून काढून टाकला तर तेही. म्हणजे माझंच काम, फक्त मधेमधे इतके आकडे घालून की कुणाला वाचता येऊ नये. ही नोंदवही फुगत जाते आणि यंत्रातली जागा खाते. म्हणून दर सोमवारी ती बदलायची. चालू वहीला एक नंबर द्यायचा, आधीच्या एकची दोन करायची, दोनची तीन, तीनची चार आणि जुनी चार नंबरची टाकून द्यायची. हे यंत्राने आपलं आपण करायचं असतं म्हणे. ते दोन वर्षांपूर्वी बिघडलं. कॉम्प्युटरवाला तेव्हापासून "करतो, करतो" म्हणतोय. तो फक्त बुधवारी येतो, म्हणून मी त्याला बुधवार म्हणतो. त्याने भिंतीवर एक कागद चिकटवलाय, त्यावर तीन ओळी आहेत, त्या मी यंत्रावर मारायच्या. पहिल्या ओळीने चालू धरून सगळ्या वह्या एकेक घर मागे सरकतात. दुसरीने नवी कोरी वही येते. तिसरीने मेल पाठवणाऱ्या प्रोग्रॅमला कळवायचं, की बाबा रे, नवी वही आली, आता यात लिही.

तिसरी ओळ मारली की मेल अर्धा मिनिट थांबतात. मागच्या महिन्यात साहेबांचा मेल असा थांबला तर ते दारात येऊन सगळ्यांसमोर म्हणाले, "हे यंत्र कुणाच्या ताब्यात दिलंय, माकडाच्या?" चाळीशीचा माणूस, पायात आवाज करणारे बूट. मी याच्या वयाचा असताना याला नाक पुसता येत नव्हतं.

आज साहेब जागेवरच होते. दोन ओळी मारल्या, तिसरी ठेवून दिली. ते जेवायला बाहेर गेले की मारू म्हटलं. ते गेलेच नाहीत, डबा टेबलावरच उघडला. पाच वाजता मी खोलीला कुलूप लावलं, ओढून पाहिलं, जिन्यावरून परत येऊन पुन्हा ओढून पाहिलं.

मंगळवार, ४

पाय सुजलेत. डॉक्टर म्हणतो मीठ कमी करा. त्याचे स्वतःचे पाय टेबलाखाली दिसतात, खांबासारखे.

साडेअकराला सून बाहेरून आली. हात कोपरापर्यंत काळे. हात न धुता खुर्चीवर बसली आणि खिळे ठोकावेत तशी टाईप करू लागली. म्हटलं, "आधी हात धू, कळफलक खराब होईल." म्हणाली, "बाबा, त्या पाच मजली इमारतीच्या लिफ्टचा दोर आतून तुटत आलाय. आजच्या आज बंद करायला कळवते." कळव बाई. तिच्या प्रत्येक लिफ्टचा दोर तुटतच असतो. पहिल्यापासून सगळ्यात घाई. लग्नालाही यांच्या मंडळींनी वेळेआधी येऊन आमची धांदल उडवली होती.

तिसरी ओळ राहिलीच. साहेब दिवसभर जागेवर.

बुधवार, ५

बुधवार आला नाही. दाढ काढली म्हणे. बत्तीस दातांचं तोंड आहे, एका दाढेने काय अडतं?

नोंदवही उघडून पाहिली. कोरी. सोमवारपासून एक ओळ नाही. मेल तर जातायत, येतायत. आता तिसरी ओळ मारावी का? पण आता मारली आणि तीन दिवस कुठे गेले असं कुणी विचारलं तर? वही बंद केली. कुणी बघत नाही ती वही. एकतीस वर्षांत माझं जावक रजिस्टरही कुणी बघितलं नाही, फक्त भांडण झालं की बघायचे.

गुरुवार, ६

सकाळी यंत्राने लाल दिवा लावला. जागा शहाण्णव टक्के भरली. बुधवारला फोन केला. तोंडात कापूस घालून बोलत होता.

"काका, एक नंबरची वही मोठी झाली असेल. उडवा."

"उडवू? चार नंबरची उडवतात ना?"

"अहो चार नंबर चिमूटभर आहे. एक नंबर उडवा. मी सांगतोय ना."

उडवली. जागा बघितली तर शहाण्णवच्या शहाण्णव. मी परत फोन केला.

"जागा सुटली नाही रे."

"मग कुणीतरी ती धरून ठेवली असेल. यंत्र बंद करून चालू केलं की सुटेल. सोमवारी सकाळी येऊन करतो, तोवर पुरेल."

"कुणी धरून ठेवली?"

"काका, माझं तोंड दुखतंय."

हे यांचं शास्त्र. वही जाळली आणि फडताळ तेवढंच भरलेलं. आमच्या वेळी वही जाळली की राख तरी दिसायची.

शुक्रवार, ७

आज सकाळी सव्वानऊला त्या पाच मजली इमारतीची लिफ्ट पडली. दीड मजला. आत फक्त लिफ्टमन होता. दोन्ही पाय मोडले.

इमारतीचा व्यवस्थापक दहाच्या आत ऑफिसात हजर. मला कुठलंही पत्र आलं नाही म्हणतो. आलं असतं तर लगेच बंद केली असती. रडत नव्हता, पण रुमाल हातात धरून होता.

साहेबांनी सुनेला बोलावलं. त्यांच्या खोलीचं दार उघडंच होतं, आणि मला तेव्हाच तिथल्या गळक्या नळाकडे बघायचं होतं, त्यामुळे सगळं ऐकू आलं.

सून म्हणाली, "मंगळवारी अकरा चाळीसच्या सुमारास पाठवलंय. माझ्या मशीनवर पाठवलेल्यात आहे. प्रत तुम्हालाही होती साहेब."

"माझ्याकडे काही आलेलं नाही."

"तुमचा मेल उघडून बघू या का?"

"मी बघितलंय." मग साहेब म्हणाले, "तुमच्या मशीनवर काय दिसतं तो तुमचा दावा झाला. सर्व्हरच्या नोंदीत आहे का?"

नोंदवही उघडली गेली. कोरी.

"नोंद नाही म्हणजे पत्र नाही," साहेब म्हणाले.

हे वाक्य माझं आहे. एकतीस वर्षं मी ते लोकांच्या तोंडावर मारलं. ऑफिसची प्रत कुणीही बनवतो, जावक क्रमांक दाखवा. किती जण हात चोळत परत गेले.

सून म्हणाली, "त्या वहीत सोमवारपासून तुमचेही मेल नाहीत साहेब. म्हणजे आठवडाभर तुम्हीही काही पाठवलं नाही?"

उद्धट. साहेबांनी विषय बदलला. "ही नोंदवही सांभाळतं कोण?"

आता मेलो असं वाटलं. ती माझ्याकडे बघेल म्हणून मी नळाकडे बघत राहिलो. ती म्हणाली, "ऑफिस सांभाळतं."

माझं नाव घ्यायलाही हिला कमीपणा वाटतो. सासरा ऑफिसात खालच्या कामाला आहे हे चारचौघांत सांगायला लाज वाटत असणार.

संध्याकाळी घरी मुलगा तिला म्हणाला, "माफी मागून टाक ना, प्रकरण मिटेल." लिफ्टमनचे पाय मोडलेत आणि हा मिटवतोय. हा माझा मुलगा. लहानपणी सावलीला घाबरायचा, अजून घाबरतो. सून भांडी घासत बसली. फौजदारी केस होऊ शकते, असं तिच्या ओळखीच्या वकिलाने फोनवर सांगितलं. फोन स्पीकरवर होता. वकील मधेच खोकत होता.

शनिवार, ८

सुट्टीचा दिवस, तरी साहेबांनी मला बोलावलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला खुर्ची दिली. "बसा काका." पाणी मागवलं. काका म्हणाले. तब्येत विचारली, गोळ्या चालू आहेत का विचारलं. मी म्हटलं, माणूस वाटतो तेवढा वाईट नाही, वरच्या पदाचा ताण असतो.

मग म्हणाले, "तो सर्व्हर फार भरलाय, कॉम्प्युटरवाला फोनवर म्हणाला. बंद करून चालू करायचा ना? आजच करून टाकू."

"बुधवार, म्हणजे कॉम्प्युटरवाले, सोमवारी येतायत."

"सोमवारपर्यंत कशाला थांबायचं? मागचं बटण दाबायचं फक्त. तुम्ही जाणकार आहात."

जाणकार. मी खोलीपर्यंत गेलोसुद्धा, साहेब मागे. पण कुलूप काढता काढता थांबलो. बुधवारने कागदाच्या खाली लिहिलंय, बटणाला कुणी हात लावायचा नाही, मला विचारल्याशिवाय. आणि बटण दाबून यंत्र परत चालूच झालं नाही तर? ऑफिसचे सगळे मेल माझ्या गळ्यात. मी म्हटलं, "साहेब, मला नियम आहे. सोमवारी त्यांच्याच हातून करू." त्यांचा चेहरा क्षणभर उतरला, मग हसले. "सोमवारी सकाळी पहिलं काम तेच. विसरू नका." पाठीवर हात ठेवला. हात ओला होता.

त्यांना यंत्राची एवढी काळजी आहे. सुनेला नाही. तिला फक्त तिच्या पत्राची.

रविवार, ९

जेवताना सुनेने विचारलं, "बाबा, सोमवारी ती वही बदलताना काही वेगळं झालं का?"

"काय वेगळं होणार?"

"काही नाही. सहज."

थोड्या वेळाने ताटात आमटी वाढताना परत म्हणाली, "काही राहिलं असेल तर राहिलं असेल, बाबा. होतं माणसाकडून." मी म्हटलं, माझ्याकडून एकतीस वर्षांत काही राहिलं नाही. ती "हो, खरंय" म्हणाली आणि डाळीचं पातेलं आत घेऊन गेली. शिकलेल्या बायकांना सारख्या चौकशा करायची खोड असते.

दुपारी ती गॅलरीत बसून राजीनामा लिहीत होती. मुलगा शेजारी उभा राहून शब्द सांगत होता, "स्वेच्छेने लिही, स्वेच्छेने." तिने लिहिलेलं खोडलं.

मी आडवा पडलो होतो पण डोळा लागेना. ते शहाण्णव टक्के डोक्यातून जाईनात. वही उडवली तर जागा सुटायला हवी. सुटली नाही. कुणीतरी धरून ठेवलीय. कोण धरणार? त्या खोलीत माझ्याशिवाय कुणी नाही, आणि तो प्रोग्रॅम.

मग एकदम उठून बसलो. मी आवक-जावकला लागलो तेव्हा एक हेडक्लार्क होता, त्याला आम्ही नाकोबा म्हणायचो. वर्षअखेरीला नवं रजिस्टर टेबलावर ठेवलं, पण त्याला कुणी तोंडाने सांगितलं नाही, की आजपासून नव्यात लिही. तो तीन आठवडे जुन्यातच लिहीत राहिला. जुनं रजिस्टर यादीत रद्द झालं, फडताळातून काढलं असं कागदावर आलं, आणि ते त्याच्या मांडीवरच होतं. नवं कोरं. सगळ्यांना वाटलं, तीन आठवडे एक पत्र गेलं नाही. नाकोबा उठला तेव्हा ते सापडलं. हसून हसून पुरेवाट झाली होती.

मी तिसरी ओळ मारली नाही. म्हणजे प्रोग्रॅमला कुणी सांगितलंच नाही. तो एक नंबरच्या वहीतच लिहीत राहिला. सोमवार, मंगळवार, बुधवार. गुरुवारी मी ती यादीतून उडवली. पण ती त्याच्या मांडीवर आहे, अजून तो तिच्यातच लिहितोय. म्हणून जागा सुटत नाही.

आणि उद्या सकाळी बुधवार त्याला उठवणार. यादीत नसलेली वही मांडीवरून पडली की कायमची गेली.

एवढं लिहून पेन खाली ठेवलं होतं. परत उचललं. हे कुणाला सांगायचं तर आधी सांगावं लागेल की तिसरी ओळ मी मारली नाही, साहेबांना घाबरून. मग सांगावं लागेल की बुधवारी कोरी वही बघून मी गप्प बसलो. मग, की गुरुवारी ती उडवलीही मीच. आणि चार दिवस घरात जेवत होतो. माझं ऑफिसात काय राहील? मुलाला काय वाटेल? त्याला काय वाटेल याची मी कधी पर्वा केली नाही, आता करतोय.

शिवाय माझं चुकलंही असेल. सातवी शिकलेला माणूस, यंत्रातलं मला काय कळतं? नाकोबा वेगळा, यंत्र वेगळं. उगाच कशाला बोला?

गॅलरीत तिने कागद घडी करून पर्समध्ये ठेवला.

सोमवार, १०

घाबरट आहे हे लिहून ठेवतो, कारण आज जे केलं त्याला मी शूरपणा म्हणणार नाही.

पावणेदहालाच खोलीत जाऊन बसलो. दहाला बुधवार आला, एक गाल सुजलेला. त्याच्या मागोमाग साहेब. साहेब दारातच उभे राहिले. "करा सुरुवात."

बुधवार यंत्राकडे निघाला. मी उठून यंत्राच्या मागच्या बाजूला पाठ लावून उभा राहिलो. बटण माझ्या कमरेला टोचत होतं. आपलीच पाठ लागून ते दाबलं जाईल याची वेगळी भीती.

"काका, सरका."

"नाही."

"काय झालं? चक्कर येतेय?"

"मी तिसरी ओळ मारली नाही," मी म्हटलं. आवाज बाईसारखा बारीक निघाला. "मागच्या सोमवारी. दोनच मारल्या. आणि गुरुवारी तू सांगितलंस म्हणून एक नंबर उडवली."

बुधवार थांबला. आधी मला वाटलं तो शिव्या देणार. तो माझ्याकडे बघत राहिला आणि सुजलेल्या गालाने हळूहळू हसायला लागला.

"काका, तिसरी मारलीच नाही? मग ती वही गेलीच नाही. त्याच्या हातातच आहे ती."

"मांडीवर," मी म्हटलं.

"काय?"

"काही नाही. काढ."

साहेब म्हणाले, "आधी यंत्र बंद करून चालू करा, मग काय काढायचं ते काढा."

"साहेब, चालू केलं की ती कायमची जाईल," बुधवार म्हणाला. "दोन मिनिटं द्या."

"मी सांगतोय ते करा."

बुधवारबद्दल माझं मत या वहीत आहे ते आहे. आळशी, फुशारक्या, दाढेचं कौतुक. पण तो खाली बसला, मानही वर न करता म्हणाला, "काकांना आधी हलवा साहेब, मला बटणापर्यंत पोचता येत नाही." आणि टाईप करत राहिला. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. शनिवारी खुर्ची देणारा चेहरा होता तो, पण त्यातून सगळं पुसून गेलं होतं. मी डोळे मिटले आणि यंत्राला घट्ट चिकटलो.

"निघाली," बुधवार म्हणाला.

मी सुनेला हाक मारली. ती आली, आम्ही तिघं पडद्यासमोर उभे राहिलो. मंगळवार, अकरा वाजून बेचाळीस. सुनेचा पत्ता, व्यवस्थापकाचा पत्ता, स्वीकारलं. पलीकडच्या यंत्राने दिलेला पोच क्रमांकसुद्धा. त्याखाली दुसरी ओळ, तेच पत्र, साहेबांच्या पेटीत टाकलं. बुधवार बोटाने पुढे सरकवत गेला आणि एका ठिकाणी बोट थांबलं. शुक्रवार, नऊ पन्नास. तेच पत्र साहेबांच्या पेटीतून काढून टाकलं.

शुक्रवारी सव्वानऊला लिफ्ट पडली होती.

मी मागे वळून पाहिलं. दार रिकामं होतं. जिन्यावर त्यांचे बूट ऐकू आले.

हा माणूस मला काका म्हणाला होता. आणि मी घरी येऊन या वहीत त्याची बाजू घेतली होती. ते पान फाडणार होतो, पण राहू दे. कुणीतरी माझाही मूर्खपणा नोंदवायला हवा.

बुधवार, १२

साहेबांनी वर कळवलंय की ती वही बनावट आहे. टाकून दिलेल्या जागेतून काढलेली, आणि काढणारा तपासनीसाचा सासरा. चौकशी लागली. सुनेला निकालापर्यंत कामावर यायला बंदी.

घरी आल्यावर मुलगा मला म्हणाला, "बाबा, तुम्ही तेव्हाच का नाही सांगितलं?" बरोबर प्रश्न, चुकीच्या माणसाने विचारलेला. मी ताटावरून उठलो. सून म्हणाली, "बसा बाबा, जेवण होऊ द्या." मी बसलो.

लिफ्टमनच्या एका पायात सळई घातली. सून रोज त्याला बघायला जाते. माझ्या पायांना सूज आहे ते मात्र तिला दिसत नाही.

मंगळवार, १८

चौकशी आमच्या वरच्या ऑफिसात, चौथ्या मजल्यावर. चौकशी अधिकाऱ्याला सर्दी, समोर रुमालांचा ढीग. मला वाटलं हा माणूस शिंकण्यापलीकडे काय चौकशी करणार?

त्याने इमारतीचे मेल सांभाळणाऱ्या कंपनीकडून त्यांचीही नोंद मागवली होती. तिकडे मंगळवारी अकरा बेचाळीसला एक पत्र आलेलं, आणि त्याचा क्रमांक आमच्या वहीतल्या पोच क्रमांकाशी अक्षर न् अक्षर जुळत होता. जावकेला आवक जुळली. हे मला समजतं. या एका गोष्टीसाठी कुणी यंत्र शिकायला नको. व्यवस्थापक खाली मान घालून म्हणाला, मेल आला असेल, मी उघडला नसेल.

"पण ही वही रद्द झालेल्या जागेत कशी होती, हे मला लेखी हवंय," अधिकारी म्हणाला. "कुणी सांगणार?"

मी लिहून नेलं होतं. दीड पान. त्याने वाचायला सांगितलं. उभा राहून वाचलं. तिसरी ओळ मारली नाही, कारण साहेब रागावतील याची भीती वाटली. बुधवारी वही कोरी दिसली, तरी कुणाला सांगितलं नाही. गुरुवारी वही मी उडवली. रविवारी मला समजलं, तरी मी सोमवार सकाळपर्यंत बोललो नाही. खाली माझी सही.

साहेबांचा वकील उठला. "स्वतःच्या सुनेची नोकरी जात होती तरी गप्प बसलेल्या माणसावर विश्वास कसा ठेवायचा?"

"ठेवू नका," मी म्हटलं. "मीसुद्धा ठेवला नसता. पण मी यात स्वतःच्या फायद्याचं काय लिहिलंय ते दाखवा."

त्याने कागद उलटसुलट करून पाहिला आणि खाली बसला.

अधिकाऱ्याने सुनेला विचारलं, "यांच्याकडून काही राहिलंय हे तुम्हाला माहीत होतं?"

"अंदाज होता."

"मग त्यांचं नाव का घेतलं नाहीत? तुमचीच सुटका झाली असती."

ती म्हणाली, "ते स्वतः सांगतील असं वाटलं."

अंदाज होता म्हणे. मग शुक्रवारीच मला बाजूला घेऊन सरळ विचारायचं. चार दिवस माझा जीव टांगणीला लावला, आमटी वाढत आडून आडून प्रश्न विचारत बसली. माझं बीपी किती वर गेलं असेल त्याचा हिला अंदाज नव्हता. शिकलेल्या बायकांचं हे असंच.

तासाभराने अधिकाऱ्याने सांगितलं. सुनेने उद्यापासून कामावर हजर व्हावं. साहेबांबद्दल वर अहवाल जाईल, तोवर त्यांनी ऑफिसात यायचं नाही. माझं ओळखपत्र तिथेच जमा करून घेतलं. गळ्यातून काढताना दोरी कानात अडकली, सुनेने सोडवली.

बाहेर आलो तर समोर लिफ्ट. माझे पाय सुजलेले, चार मजले. मी बटण दाबायला गेलो. ती म्हणाली, "थांबा बाबा," आणि आत लावलेला दाखला वाचायला वाकली. मग माझ्या हातात स्वतःची पर्स दिली, दाराच्या फटीतून वर दोराकडे पाहिलं, दोनदा दार उघडबंद केलं, आणि वही काढून नंबर टिपून घेतला.

"दाखल्याची मुदत दोन महिन्यांपूर्वी संपलीय," ती म्हणाली. "जिन्याने जाऊ या."

ज्या ऑफिसने आत्ता तिची नोकरी परत दिली त्यांच्याच लिफ्टबद्दल ही बाई तक्रार लिहिणार. उद्यापर्यंतसुद्धा थांबवत नाही हिला. मी तिला तसं म्हणालो. ती म्हणाली, "उद्या कुणीतरी बसेल ना यात."

चार मजले उतरलो. ती एक पायरी पुढे, दर वळणावर थांबत होती, मी पोचलो की पुढची. मला वाटलं आता बोलेल, मला दोन शब्द सुनावेल, मी उत्तरं तयार ठेवली होती. तिने फक्त दुसऱ्या मजल्यावर विचारलं, पाय दुखतात का. मी नाही म्हणालो. खाली येईपर्यंत तिची पर्स माझ्याच हातात होती, आणि ती तिने मागितली नाही.